माहिती अधिकाराचा अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, टेबलाच्या पलीकडून दिलेली उत्तरं

महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. आता तेच लोक कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. चहा होईपर्यंत प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. खालचं सगळं महाराष्ट्र शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांबद्दल आहे. केंद्राचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

माहिती अधिकारात नेमकं काय मिळतं?

कागद मिळतो, उत्तर मिळत नाही. हे एवढं डोक्यात बसलं तर निम्मे अर्ज फेटाळले जाणार नाहीत. कार्यालयाकडे जे लिखित, छापील किंवा संगणकात आहे त्याची प्रत मागता येते, ते समोर बसून पाहता येतं, त्यातून टिपणं काढता येतात. कामात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो, कायद्याच्या कलम २ मध्ये तसं स्पष्ट आहे. पण रस्त्याच्या खडीचा नमुना मागणारा अर्जदार माझ्या सगळ्या नोकरीत एकच भेटला. तो निवृत्त गवंडी होता.

फाइलवरची टिपणी, म्हणजे कारकुनापासून साहेबापर्यंत ज्याने जे शेरे मारले तो भाग, हीसुद्धा माहितीच आहे. अर्जात 'टिपणी भागासह संपूर्ण नस्ती' असं लिहा, नस्ती म्हणजे फाइल. नुसतं 'पत्रव्यवहार' लिहिलंत तर फक्त पत्रं हातात येतील आणि खरा मजकूर टिपणीतच राहील.

अर्ज कोण करू शकतं?

भारताचा कोणताही नागरिक. मंडळ, संस्था किंवा कंपनीच्या नावाने करू नका. अध्यक्ष असाल तरी अर्ज स्वतःच्या नावाने करा. माहिती आपल्याच गावची असली पाहिजे असंही काही नाही. चंदगडच्या माणसाला गोंदियाच्या जिल्हा परिषदेचे कागद मागता येतात.

माहिती कशासाठी हवी ते सांगावं लागतं का?

नाही. कलम ६(२) प्रमाणे कारण विचारताच येत नाही. पत्ता, फोन असा संपर्कापुरता तपशील तेवढा द्यायचा. खिडकीवरचा माणूस "काय करणार हो घेऊन?" असं विचारेल. बऱ्याचदा तो उत्सुकतेपोटीच विचारतो, भांडायला जाऊ नका. "वाचायला" म्हणा आणि पोच मागा.

अर्ज कसा लिहायचा? इथेच सगळं चुकतं म्हणतात.

खरं आहे. गेल्या उन्हाळ्यात एक जण हा अर्ज घेऊन आला होता:

'आमच्या वस्तीचा रस्ता एका पावसात का उखडला? निकृष्ट कामास जबाबदार कोण? ठेकेदारावर अद्याप कारवाई का झाली नाही? बिल कोणाच्या आशीर्वादाने निघाले?'

राग रास्त, अर्ज निरुपयोगी. याला येणारं उत्तर मी झोपेतही लिहू शकतो: 'आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' आणि दुर्दैवाने ते उत्तर टिकतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगून ठेवलं आहे की 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. फाइलवर कारण आधीच लिहिलेलं असेल तर त्याची प्रत मिळते. तुमच्यासाठी नवं कारण शोधून लिहून देणं अधिकाऱ्याचं काम नाही.

मग त्याच रस्त्यासाठी काय मागायचं? सरकारी कामाला कागदांची एक माळ असते, ती मागायची:

१. कामाची प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता
२. मंजूर अंदाजपत्रक
३. निविदेचा तुलनात्मक तक्ता, करारनामा आणि कार्यारंभ आदेश
४. मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं
५. गुणवत्ता चाचणीचे अहवाल
६. अदा केलेली देयकं
७. काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोषदायित्व कालावधीची अट असलेलं पान

यातलं चौथं सगळ्यात मोलाचं. मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात ती, यात अभियंत्याने लांबी, रुंदी, जाडी स्वतःच्या हाताने लिहिलेली असते आणि त्यावरच बिल निघतं. एमबीची पानं हातात आली की मोजपट्टी घेऊन रस्त्यावर जायचं. थर किती जाडीचा लिहिलाय आणि कडेला उकरून पाहिल्यावर किती निघतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. 'जबाबदार कोण' हा प्रश्न विचारावाच लागत नाही, एमबीखाली सही असते.

सातव्याचंही महत्त्व आहे. दोषदायित्व कालावधी संपला नसेल तर खड्डे ठेकेदाराने स्वखर्चाने भरायचे असतात. ते पान घेऊन गेलं की पंचायत समितीत बोलण्याचा सूर बदलतो.

कागदाचं नाव माहीत नसेल तर? त्या कार्यालयातल्या एखाद्या निवृत्त माणसाला गाठा. नाहीतर आधी फाइल पाहायला मागा आणि त्यातून नावं टिपून घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

अर्जाचा ठरलेला नमुना आहे का? शब्दांची मर्यादा?

जोडपत्र 'अ' नावाचा नमुना आहे. कोऱ्या कागदावर तोच मजकूर हाताने लिहिला तरी चालतो. नाव, पत्ता, माहितीचा विषय, माहितीचा कालावधी, माहितीचं वर्णन, टपालाने हवी की समक्ष, दारिद्र्यरेषेखालील आहात का, एवढंच त्यात असतं. 'कालावधी' हा रकाना रिकामा सोडू नका. 'सुरुवातीपासून आजपर्यंत' असं तर लिहूच नका. दि. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ अशी नेमकी तारीख घाला.

२०१२ च्या नियम दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी अट आहे. लोक या अटीवर चिडतात. मला मात्र ती अर्जदाराच्या सोयीचीच वाटते. रस्ता, रेशन दुकान आणि शाळेची खोली एकाच अर्जात कोंबली की तीन टेबलांमध्ये अर्ज फिरतो आणि तिन्हीकडचे म्हणतात, दुसऱ्याकडून घ्या. तीन अर्ज करा, खर्च तीस रुपये.

अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा?

'जन माहिती अधिकारी' आणि पुढे कार्यालयाचं नाव. व्यक्तीचं नाव लागत नाही. ग्रामपंचायतीत ते काम ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आधीचे ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी, बघतात, तहसील कार्यालयात बहुधा नायब तहसीलदार. प्रत्येक कार्यालयाच्या दर्शनी भागात माहिती अधिकाऱ्याचं आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव असलेला फलक हवा. फलक असतो, फक्त त्यावरचा साहेब दोन बदल्यांपूर्वी गेलेला असतो. पदनाम टिपून घ्या, नाव सोडून द्या.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर वाया जातो का?

नाही. कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. 'संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा' असं लिहून अर्ज परत करणं चूक आहे, त्यावर अपील होतं.

खर्च किती येतो?

अर्जाला १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये, टपालाने हवी असेल तर टपालखर्च. राज्याच्या कार्यालयात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवणं सगळ्यात सोपं. कोर्टाच्या आवारातल्या व्हेंडरकडे मिळतो. रोखही भरता येते, पण मग पावती घेतल्याशिवाय हलू नका.

केंद्राच्या कार्यालयांना, म्हणजे टपाल खातं, रेल्वे, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीयीकृत बँका, कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. या एका चुकीपायी अर्ज परत आलेले मी कितीतरी पाहिले.

दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही. दाखल्याची प्रत जोडा.

हातात द्यावा की पोस्टाने?

जवळ असेल तर हातात, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन. दिवस मोजायला ती तारीखच उपयोगी पडते. आवक विभागात "साहेब आल्यावर या" म्हणाले तर वाद न घालता बाहेर पडा आणि पोस्ट गाठा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणून स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोचवल्याची नोंद संकेतस्थळावरून छापून घ्या. पावतीची शाई वर्षभरात उडते, तिचीही झेरॉक्स काढून ठेवा.

ऑनलाइन अर्ज केला तर?

राज्याचं पोर्टल आहे, केंद्राचंही आहे. मंत्रालय आणि मोठ्या कार्यालयांसाठी ते उत्तम. पोर्टलच्या यादीत तुमचं कार्यालय आहे का ते आधी बघा. खालच्या स्तरावरच्या कार्यालयासाठी अर्ज वरच्या विभागाला टाकला की तो खाली झिरपत येतो आणि त्यात दिवस जातात. ग्रामपंचायत, तलाठी सजा, नगरपरिषद यांच्यासाठी मी अजून कागदच वापरतो.

तीस दिवस कधीपासून मोजायचे?

अर्ज कार्यालयात पोचला त्या तारखेपासून. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्ज सहायक माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर पाच दिवस जास्त. त्रयस्थ व्यक्तीने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर तिचं म्हणणं मागवावं लागतं, तेव्हा ४० दिवस.

आता एक आतली गोष्ट. बिलाचं पत्र, म्हणजे 'अमुक पानांचे इतके रुपये भरा', हे निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसात धरत नाहीत. त्यामुळे कित्येक टेबलांवर हे पत्र अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या दिवशी निघतं. आम्हीही काढायचो, खोटं कशाला बोलू. पत्र आल्या दिवशी पैसे भरा, घड्याळ पुन्हा सुरू होतं आणि त्यांच्याकडे एक-दोन दिवसच उरतात. पण पत्रच तीस दिवसांनंतर आलं असेल तर पैसे भरूच नका. मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यायची असते, कलम ७(६). तसं लिहून पत्राला उत्तर द्या.

साडेसहा हजार रुपये भरा असं पत्र आलं. आता?

घाबरू नका आणि लगेच भरूही नका. कागद आधी पाहायला मागा. अवलोकनाचा पहिला तास मोफत, पुढे नाममात्र फी. तीन हजार पानांतली तुम्हाला खरी लागणारी चाळीस निघतात. त्यांच्यावर चिठ्ठ्या लावा, तेवढ्याच पानांची मागणी जागेवर लिहून द्या. ऐंशी रुपयांत काम होतं.

त्याहून सोपी वाट सोमवारची. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत तसंच महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही कल्पना मुळात पुणे महापालिकेची, आयुक्त महेश झगडे यांनी २००९ मध्ये ती तिथे सुरू केली होती. मंत्रालयाला हा शासन निर्णय लागू नाही. तुमच्या कार्यालयातल्या कारकुनाला याची माहिती असेलच असं नाही, म्हणून शासन निर्णयाची छापील प्रत खिशात ठेवा. जाताना चष्मा, वही आणि पेन्सिल न्या. फाइलवर पेनाने खूण करू नका, त्यावरून विनाकारण तंटा होतो.

ही ठरावीक उत्तरं येतात. यांचा अर्थ काय?

*'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.'* म्हणजे तुम्ही तक्ता मागितलात आणि तक्ता तयार नाही. तुमच्यासाठी नवा तक्ता बनवायचं बंधन त्यांच्यावर नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. ज्या नोंदवहीतून तक्ता झाला असता ती नोंदवही मागा.

*'माहिती व्यापक स्वरूपाची आहे.'* हे नाकारण्याचं कारण होऊच शकत नाही. कलम ७(९) प्रमाणे फार तर माहिती देण्याचा प्रकार बदलता येतो, उदाहरणार्थ प्रतींऐवजी अवलोकन.

*'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.'* तेवढ्याने भागत नाही. न्यायालयाने ती माहिती उघड करायला स्पष्ट मनाई केलेली असावी लागते किंवा उघड केल्याने अवमान व्हायला हवा. मनाई आदेशाची प्रत मागा. बहुतेकदा ती नसते.

*'चौकशी सुरू आहे.'* माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल, हे त्यांनी सांगायचं असतं. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, कलम १९(५).

*'त्रयस्थ पक्षाची माहिती.'* ठेकेदाराला पाच दिवसांत नोटीस काढली का, त्याने दहा दिवसांत काय कळवलं, ती पत्रं मागा. आणि ठेकेदाराने 'देऊ नका' म्हटलं म्हणून अधिकाऱ्याचे हात बांधले जात नाहीत, निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो.

'वैयक्तिक माहिती' म्हणून सगळंच नाकारतात हल्ली. खरंच कायदा बदलला?

बदलला, आणि वाईट बदलला. कलम ८(१)(ञ) मध्ये आधी तोल होता. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तरच नकार. वर एक सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून माहिती अधिकार कायद्यात केलेल्या दुरुस्तीने हे सगळं काढून 'वैयक्तिक माहिती' एवढाच शब्द ठेवला. ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कारकुनाच्या नजरेने पाहिलं तर सरकारी कागदावर कोणाचं तरी नाव असतंच, मग प्रत्येक कागद वैयक्तिक म्हणता येईल.

तरी दोन वाटा उरल्या आहेत. पहिली, कलम ८(२). गुप्ततेच्या हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अशा अर्जात, आणि फक्त अशाच अर्जात, जनहित काय आहे ते दोन ओळींत लिहा. कारण सांगायची सक्ती नाही हे खरं, पण इथे सांगितलेलं बरं.

दुसरी, कलम ४. अनुदान योजनांचे लाभार्थी, अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन, कामांचे अर्थसंकल्प, ही माहिती कार्यालयाने न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. घरकुलाची किंवा विहिरींच्या अनुदानाची यादी मागताना 'कलम ४(१)(ख) अन्वये प्रसिद्ध केलेली लाभार्थ्यांची माहिती' असंच लिहा. जे आधीच जाहीर करायचं आहे ते वैयक्तिक म्हणणं कठीण जातं. आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक झाकून द्यायला तुमची हरकत नाही, हेही लिहून टाका. कलम १० तशी सोय देतं.

सहकाऱ्याची सेवापुस्तिका, रजेचे अर्ज, त्याला मिळालेले मेमो हे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालापासूनच अवघड झालंय. भाऊबंदकीचा किंवा ऑफिसातला जुना हिशेब चुकता करायला हा कायदा वापरू पाहणारे माझ्याकडे आले की मी चहा पाजतो आणि अर्ज लिहून देत नाही.

'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर आलंय.

हे वाक्य नीट वाचा. 'नष्ट केला' आणि 'सापडत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सरकारी कागदांचे वर्ग असतात. 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षं, 'क' वर्गातले काही दहा तर काही पाच वर्षं, 'ड' एक वर्ष. मुदत संपल्यावर कागद नष्ट करता येतो, पण त्याची यादी होते आणि तिच्यावर मंजुरीची सही असते. म्हणून दुसरा अर्ज करा: सदर नस्तीचा वर्ग दर्शवणारी नोंद, अभिलेख कक्षाच्या नोंदवहीचं पान आणि नष्ट केली असल्यास त्या आदेशाची प्रत.

आदेश नसेल तर फाइल गहाळ आहे. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे आणि त्यात कारावासाची तरतूद आहे. अपिलात या अधिनियमाचं नाव घेऊन जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा. हरवलेल्या किती फाइली कपाटाच्या मागे, जुन्या फेरफाराच्या गठ्ठ्यात किंवा बदली झालेल्या बाबूच्या टेबलाच्या खणात 'सापडतात' ते मग बघा.

आमच्या हाउसिंग सोसायटीचा सचिव हिशेब दाखवत नाही. माहिती अधिकार चालेल?

थेट नाही. सहकारी संस्था सरकारी मालकीच्या किंवा सरकारच्या मोठ्या पैशावर चालणाऱ्या नसतील तर त्या या कायद्यात येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या प्रकरणात ठरवलं. पण सोसायटीने उपनिबंधकाकडे सादर केलेला ऑडिट अहवाल, पत्रव्यवहार, निवडणुकीचे कागद हे उपनिबंधक कार्यालयाकडून माहिती अधिकारात मिळतात. आणि तुम्ही सभासद असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने सभासदाला दिलेला सोसायटीचे कागद पाहण्याचा हक्क वापरा, ते याहून सरळ आहे.

सातबारा, जन्मदाखला यासाठी अर्ज करावा का?

नको. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. दाखले रखडले असतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात सेवेला मुदत आहे आणि अपीलही. माहिती अधिकार तिथे उपयोगी पडतो जिथे 'माझा अर्ज कुठे अडकलाय' हे कळत नाही. तेव्हा मागा: 'माझ्या दि. अमुकच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी आणि पत्रव्यवहार.' पुष्कळदा माहिती येण्याआधी दाखलाच येतो.

पहिलं अपील कधी आणि कसं?

उत्तर मिळालं पण पटलं नाही, तर उत्तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत. उत्तरच आलं नाही, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राच्या कार्यालयांत अपिलाला फी नाही. अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. निर्णय ३० दिवसांत, लेखी कारण देऊन फार तर ४५.

सुनावणीला जा. भाषण करू नका. अर्जातला मुद्दा क्रमांक, मिळालं ते, राहिलं ते, असा तीन रकान्यांचा एक कागद समोर ठेवा. अपिलीय अधिकाऱ्याला दिवसभरात अशी पाच प्रकरणं असतात आणि तुमचा कागदच तो आदेशात उतरवून घेतो.

दुसरं अपील?

पहिल्या अपिलाचा निर्णय मिळाल्यापासून, किंवा तो यायला हवा होता त्या तारखेपासून, ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. जोडपत्र 'क', पुन्हा वीस रुपये. आयोगाचं मुख्यालय मुंबईत आणि खंडपीठं बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर इथे आहेत. कागदांची क्रमवारी लावून, पानांना क्रमांक घालून पाठवा.

किती दिवस लागतात? दिवस नाही, वर्षं विचारा. आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहतात आणि अपिलं साचत जातात. म्हणून माझा सगळा जोर अर्ज आणि अवलोकन यावर आहे. आयोगाकडे जाऊन जिंकण्यापेक्षा सोमवारी दुपारी जाऊन कागद पाहिलेला परवडतो.

कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील, दोन्हीत फरक काय?

तक्रारीत दंड होऊ शकतो, पण माहिती द्या असा आदेश मिळत नाही. मणिपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे सांगितलं. माहिती हवी असेल तर अपीलच करा. रागाच्या भरात थेट तक्रार करून वर्ष घालवणारे बरेच आहेत.

अधिकाऱ्याला दंड होतो का?

दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तो त्याच्या पगारातून. लावण्याचा अधिकार फक्त आयोगाला. पहिल्या अपिलात 'दंड करा' अशी मागणी करण्यात अर्थ नाही.

अर्ज दिल्यावर संध्याकाळी सरपंचाचा माणूस घरी आला. काय करू?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. आपल्या राज्यातली ही एकच घटना नाही.

जमीन, वाळू, मोठे ठेके असा विषय असेल तर एकट्याने अर्ज करू नका. एकाच मजकुराचे पाच-सहा अर्ज वेगवेगळ्या गावच्या माणसांनी करावेत. मग एकावर दबाव टाकून उपयोग राहत नाही. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज मागे घेतल्याचं पत्र दबावाखाली लिहून देऊ नका.

'माहिती अधिकार कार्यकर्ता' म्हणून ओळखपत्र मिळतं म्हणे?

सरकार असं कुठलंही ओळखपत्र देत नाही. गळ्यात कार्ड, गाडीवर पाटी लावून फिरणाऱ्यांनी या कायद्याचं फार नुकसान केलं आहे. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला गाठायचं आणि 'मिटवून' अर्ज मागे घ्यायचा, हा धंदा कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असतो. त्यामुळे खरा अर्जदार आला तरी कारकून आधी संशयाने बघतो. मीही बघायचो. अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा कुठे महाराष्ट्राचा आधीचा माहिती अधिकार कायदा खऱ्या अर्थाने वाटेला लागला. केंद्राचा कायदा तर १२ ऑक्टोबर २००५ ला पूर्ण लागू झाला. तो कार्डवाल्यांसाठी नव्हता.

मी दुबईत असतो, जमीन गावाकडे. अर्ज करता येईल?

भारतीय पासपोर्ट असेल तर होय. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, नाही. मग गावातल्या भावाने किंवा बहिणीने स्वतःच्या नावाने करावा. जमीन गोव्यात किंवा बेळगावात असेल तर तिथल्या राज्याचे फीचे आणि नमुन्याचे नियम लागू होतात, महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प तिथे कामाचा नाही.

कागद मिळाले. पुढे काय?

आधी प्रत्येक पानावर 'माहिती अधिकारात दिलेली सत्य प्रत' असा शिक्का आणि सही आहे का ते पाहा. नसेल तर तिथल्या तिथे मागून घ्या, नुसत्या झेरॉक्सला कोणी विचारत नाही. मग कागद घेऊन ग्रामसभेत बसा, गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, प्रकरण तसंच असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे किंवा वकिलाकडे जा. कुठेही गेलात तरी शिक्क्याची प्रत घरच्या ट्रंकेत राहू द्या आणि तिची झेरॉक्स द्या. आमच्याकडे आलेले कागद कुठे जातात, ते वर सांगितलंच आहे.